शौकाची गाडी आणि तिच्या कुरबुरी

उर्दूतला 'शौक' म्हणजे हौस, आवड. मराठीतला 'शोक' म्हणजे दुःख. दोन्ही भाषा शिकवताना दरवर्षी वर्गात हा घोटाळा होतोच. 'मला क्रिकेटचा शोक आहे' असे कुणीतरी निबंधात लिहितो, आणि मग फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी लिहून एका मात्रेचा फरक समजावून सांगावा लागतो. ज्यांनी स्पोर्ट्स कार घेतली आहे त्यांच्याशी बोलताना मात्र वाटते, की ही मात्रा रोजच्या वापरात थोडी थोडी झिजतही असावी.

नववी-दहावीच्या मुलांच्या वह्यांवर पूर्वी क्रिकेटपटूंची चित्रे असत. आता बहुतेक वह्यांवर गाड्या असतात. जमिनीला चिकटून चालणाऱ्या, दोन दारांच्या, लाल नाहीतर पिवळ्या. मुलांना त्यांचे वेग तोंडपाठ असतात, किमतीही. मोबाईलवरच्या चित्रफितींत गाडी येते, गुरगुरते, निघून जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या मालकाने काय केले, हे कुणी दाखवत नाही. अपघात, कर्ज, दिखाऊपणा या मोठ्या गोष्टींवर घराघरांत बोलणे होत असते. आज मला छोट्या गोष्टींवर लिहायचे आहे. माणूस मोठ्या संकटाला तोंड देतो, पण रोजच्या बारीक कुरबुरींनी थकतो.

उदाहरण म्हणून एकच गाडी घेते, कारण ती मी जवळून पाहिली आहे. आमच्या रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांतली मुले नोकरीधंद्यासाठी आखातात, दक्षिण आफ्रिकेत, ब्रिटनमध्ये गेली. माझा एक भाचा इंग्लंडमध्ये लँकेशायर परगण्यात असतो. त्याने तिथे जुनी माझदा एमएक्स-५ घेतली. मागे मे महिन्याच्या सुट्टीत आपा, म्हणजे त्याची आई, आणि मी त्याच्याकडे महिनाभर राहायला होतो. त्यामुळे या गाडीचे कौतुक आणि गाऱ्हाणे दोन्ही भरपूर ऐकायला मिळाले.

एक साधी, गुणी गाडी

स्पोर्ट्स कार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कोट्यवधी रुपयांची गाडी येते. ही तशी नव्हे. हिची गोष्टच वेगळी आहे. इंग्लंडमध्ये एकेकाळी एमजी, ट्रायम्फ, लोटस यांच्या छोट्या, उघड्या, दोन सीटच्या गाड्या मध्यमवर्गातही लोकप्रिय होत्या. चालवायला मजेदार, पण तेल गळायचे, वायरिंग दगा द्यायचे, पावसात छत टपकायचे. हळूहळू त्या बंद पडत गेल्या. १९७९ च्या सुमारास बॉब हॉल नावाच्या अमेरिकन मोटार-पत्रकाराने जपानच्या माझदा कंपनीतल्या केनिची यामामोटो यांना सुचवले, की तशी गाडी पुन्हा बनवा, पण भरवशाची. पुढे हॉल स्वतःच त्या कंपनीत गेले. तोशिहिको हिराई यांच्या देखरेखीखाली काम झाले आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी लोकांसमोर आली. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात. एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. जगात सर्वांत जास्त विकली गेलेली दोन आसनी स्पोर्ट्स कार म्हणून गिनीज बुकात तिची नोंद आहे.

ती बनवताना जपानी लोकांनी एक शब्द समोर ठेवला होता, 'जिन्बा इत्ताई'. घोडा आणि स्वार यांचे एकजीव होणे. म्हणजे गाडी फार वेगवान नसली तरी चालेल, पण हाताच्या इशाऱ्यावर वळली पाहिजे. त्यासाठी ती हलकी हवी, बुटकी हवी, उघडी हवी. भाच्याची गाडी १९९८ नंतर आलेल्या दुसऱ्या पिढीतली. वजन एक टनाच्या थोडेसे वर. लांबी चार मीटरच्या आत, म्हणजे आपल्याकडच्या मारुती स्विफ्टपेक्षा जरा जास्तच. पण स्विफ्टमध्ये पाच माणसे बसतात, हिच्यात दोन. उंची साधारण सव्वा मीटर. तिसरी-चौथीतले मूल शेजारी उभे केले तर दोघांची डोकी एका रेषेत येतील.

हे तीन शब्द लक्षात ठेवावेत: हलकी, बुटकी, उघडी. गाडीची सगळी मजा या तीन गोष्टींतून येते. आणि पुढे ज्या तक्रारी सांगणार आहे, त्यातली बहुतेक प्रत्येक तक्रारही याच तीन गोष्टींतून येते.

बसणे आणि उठणे

पहिली अडचण दार उघडल्याबरोबर सुरू होते. दोनच दारे असल्यामुळे ती लांब असतात. बाजाराच्या पार्किंगमध्ये शेजारची गाडी जवळ असेल तर दार पुरते उघडत नाही, आणि अर्धवट उघडलेल्या दारातून खाली, जवळजवळ जमिनीलगतच्या सीटवर उतरणे म्हणजे कसरत. आधी पाठ आत, मग डोके वाकवून आत, मग एकेक पाय. पंचविशीतल्या माणसाला यात गंमत वाटते. आपाचे गुडघे साठीनंतरचे. बसताना ती कशीबशी बसली, पण उतरताना एका हाताने दाराची चौकट, दुसरा हात मुलाच्या हातात, आणि तोंडाने 'या अल्लाह'. तिसऱ्या दिवसापासून ती म्हणू लागली, "तुम्ही दोघे जा, मी घरीच बरी." मुलाने नवी गाडी घेतली म्हणून कौतुकाने आलेली आई गाडीमुळेच घरी थांबू लागली. भाच्याला हे लागले.

खाली बसल्याचे आणखी परिणाम आहेत. वाहनतळाच्या दारावर तिकीट देणारे यंत्र साध्या गाडीच्या खिडकीच्या उंचीवर असते. या गाडीतून हात वर ताणूनही पोचत नाही, दार उघडून अर्धे उभे राहावे लागते, मागचा माणूस हॉर्न वाजवतो. हमरस्त्यावर शेजारून ट्रक गेला की आपले डोके त्याच्या चाकाच्या पातळीवर. रात्री मागून उंच गाडी आली की तिचे दिवे थेट आरशात. समोरच्या मोठ्या गाडीपलीकडचे काही दिसत नाही, म्हणून अंतर जास्त ठेवावे लागते, आणि अंतर ठेवले की दुसरी गाडी त्यात घुसते. ही तक्रार ऐकताना मला पुणे-मुंबईच आठवली.

छत, मांजर आणि ओढणी

या गाडीचे छत कापडासारख्या व्हिनाईलचे. काचेच्या वरच्या दोन कड्या सोडल्या की हातानेच मागे पाडता येते. उन्हाच्या दिवशी ते मागे पाडून गावाबाहेरच्या वळणदार रस्त्याने जाणे हा खरोखर सुंदर अनुभव आहे. कापलेल्या गवताचा वास येतो, मेंढ्यांचे आवाज ऐकू येतात. पण लँकेशायरचा पाऊस आपल्या कोकणासारखा कोसळत नसला तरी वर्षभर रिपरिपतो. गाडी ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटरने चालत असेल तर पुढच्या काचेवरून उडालेला हलका पाऊस डोक्यावरून मागे निघून जातो, आतले भिजत नाहीत. सिग्नल लागला की मात्र सगळा पाऊस मांडीवर. म्हणून ढग दिसले की थांबा, छत ओढा, कड्या लावा. आणि ओले छत तसेच घडी करून ठेवायचे नाही, त्याला बुरशी येते. आधी वाळवा.

आमच्या सुनेचा अनुभव वेगळा. छत उघडे असताना ओढणी सांभाळणे म्हणजे दोन्ही हातांचे काम. नेहमीपेक्षा जास्त पिना लावल्या तरी मागचे टोक वाऱ्यावर जायचे. शेवटी तिने गाडीसाठी एक वेगळा, शिवलेला स्कार्फ करून घेतला आणि तो गाडीच्या कप्प्यातच ठेवला. छत बंद असले तरी कापडातून वाऱ्याचा आवाज इतका येतो, की हमरस्त्यावर नवराबायकोचे बोलणे ओरडून चालते. ती हसून म्हणाली, "खाला, या गाडीत आमचे भांडण होऊच शकत नाही. ऐकूच येत नाही."

बाकीच्या गोष्टी गाडी उभी असताना होतात. इंजिन गरम, छत मऊ, त्यामुळे मोहल्ल्यातल्या मांजरांची ती आवडती जागा. नखांच्या खुणा राहतात. चोर असे छत चाकूने फाडतात, आणि फाटलेले छत बदलण्याचा खर्च आत ठेवलेल्या वस्तूपेक्षा कितीतरी जास्त. म्हणून अशा गाड्यांचे अनेक मालक आत काहीच ठेवत नाहीत आणि दार मुद्दाम उघडे सोडतात, म्हणजे चोराने दार उघडून पाहावे, छत कापू नये. आपल्या दाराला कुलूप न लावणे हाच तिचा बंदोबस्त, हे ऐकून आपाने कपाळाला हात लावला.

दोन लहान छिद्रे

आता जी गोष्ट सांगते ती सर्वांत क्षुल्लक आणि सर्वांत महाग आहे. छतावरून ओघळणारे पाणी मागच्या बाजूला एका पन्हळीत जमते. तिथून सीटच्या मागे, डावीकडे आणि उजवीकडे असलेल्या दोन छोट्या छिद्रांतून नळीवाटे खाली जाते आणि मागच्या चाकांच्या पुढे जमिनीवर पडते. आपल्या कौलारू घराची पन्हळ आणि पागोळ्यांची व्यवस्था असते तसेच. आणि पन्हळीचे जे होते तेच इथेही होते. शरद ऋतूत झाडांची पाने पडतात, त्यांचा चुरा, धूळ, छताच्या कापडाचे तंतू मिळून छिद्रे बुजतात. पाणी मागे साचते, मग आत उतरते. आधी गालिचा ओला होतो, काचांवर आतून धुके बसते, कुबट वास येऊ लागतो. भाच्याच्या गाडीतही तो वास होता. आपाने नाकाला पदर लावून विचारले, "यात मासळी आणली होतीस का?"

वास त्रासदायक, पण खरा धोका दिसत नाही. ते पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत शिरते आणि तिथे लोखंड आतून गंजवते. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात, ते खालून लागते. वरून रंग चकचकीत, आतून पापडी. तिकडे तीन वर्षांहून जुन्या गाडीची दरवर्षी सक्तीची तपासणी होते, तिला एमओटी म्हणतात. सीटबेल्ट जिथे घट्ट बसवलेला असतो किंवा चाकांचे सांगाडे जिथे जोडलेले असतात त्या जागेपासून तीस सेंटीमीटरच्या आत लोखंड गंजून कमजोर झाले असेल तर गाडी नापास होते. कारण साधे आहे. धडकेच्या वेळी तोच पत्रा माणसाला धरून ठेवणार असतो.

उपाय काय? वर्षातून दोनदा, पाने पडण्याआधी आणि पडून गेल्यावर, मऊ लवचीक तार किंवा प्लॅस्टिकची नळी घालून ती छिद्रे मोकळी करायची, वरून तांब्याभर पाणी ओतायचे आणि खाली दोन्ही बाजूंनी पडते का ते पाहायचे. दहा मिनिटांचे काम. पण जुनी गाडी विकत घेणाऱ्याला आधीच्या मालकाने ही दहा मिनिटे दिली होती की नाही, हे कळायला मार्ग नसतो.

डिकीतली बॅटरी

वजन पुढेमागे सारखे वाटले जावे म्हणून या गाडीची बॅटरी इंजिनाशेजारी नसून डिकीत आहे. चालवण्यासाठी हा उत्तम विचार. पण बॅटरीतून निघणारा वायू बंद डिकीत साचू नये म्हणून साधी बॅटरी चालत नाही. वायू बाहेर सोडणाऱ्या नळ्या जोडता येतील अशी, लहान आकाराची, बंदिस्त बॅटरी लागते. ती साध्या बॅटरीपेक्षा महाग. साधी बसवली तर आम्लाच्या वाफेने डिकीचा पत्रा खराब होतो.

त्यात अशा गाड्या रोज चालत नाहीत. पाऊस आहे, थंडी आहे, सामान आणायचे आहे, पाहुणे आहेत, असे म्हणत दुसरी गाडी निघते आणि ही उभी राहते. उभ्या गाडीतही घड्याळ, चोरघंटी थोडी थोडी वीज खात असतात. दोन-तीन आठवड्यांनी छान ऊन पडते, माणूस उत्साहाने किल्ली फिरवतो, आणि 'टक' एवढाच आवाज येतो. ज्यांच्याकडे गॅरेज आहे ते बॅटरीला कायम छोटा चार्जर लावून ठेवतात. भाच्याचे घर रांगेतले, गाडी रस्त्यावर उभी. पदपथावरून वायर कशी नेणार? म्हणून तो दर रविवारी गाडीला उगाच अर्धा तास फिरवून आणत असे. सूनबाई म्हणायची, "लोक कुत्र्याला फिरवतात, हे गाडीला."

सामानाचे सांगायला नको. डिकीत बॅटरी, जादा चाक आणि जॅक गेल्यावर दोन मध्यम पिशव्या मावतात. ईदच्या खरेदीला ही गाडी कामाची नाही. विमानतळावर आम्हाला घ्यायला तो मित्राची गाडी मागून आला होता.

सगळ्यांचे लक्ष

जुनी, स्वस्त असली तरी स्पोर्ट्स कार लोकांच्या डोळ्यांत भरते. पेट्रोल पंपावर कुणीतरी हमखास विचारतो, कितीची, किती पळते. सिग्नलला शेजारी एखादा पोरगा इंजिन गुरगुरवून शर्यतीचे आव्हान देतो. सकाळी फजरला निघायचे तर आवाज शेजाऱ्यांना लागतो. विमा उतरवताना वय कमी असेल तर हप्ता भारी, आणि गाडीत चाके, सायलेन्सर असे काही बदलले असेल तर कंपनीला कळवावेच लागते. आणि पाहुणे मंडळी! गावाकडे बातमी पोचते तेव्हा 'पोराने दुसऱ्या हाताची, वीस-बावीस वर्षे जुनी गाडी घेतली' अशी पोचत नाही. 'त्याने स्पोर्ट्स कार घेतली' अशी पोचते. मग लग्नाच्या मदतीसाठी, शिक्षणाच्या फीसाठी येणाऱ्या फोनांचा सूर बदलतो. नाही म्हटले तर समोरचा मनात म्हणतो, गाडीला पैसे आहेत. प्रत्यक्षात त्या गाडीची किंमत आपल्या गावातल्या नव्या स्कूटरइतकीही नव्हती. पण हे किती जणांना समजावणार?

आपल्या रस्त्यांवर

ही झाली चांगल्या रस्त्यांच्या देशातली कथा. आता मुंबई, पुण्याकडे वळू. इथे ज्या स्पोर्ट्स कार दिसतात त्या बहुतेक मोठ्या आणि आयात केलेल्या, आणि त्यांची पहिली शत्रू म्हणजे गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकाचे माप ठरवून दिले आहे: उंची दहा सेंटीमीटर, पण रुंदी ३.७ मीटर. म्हणजे लांबट, सौम्य उंचवटा. ब्रिटनमध्येही कमाल उंची दहा सेंटीमीटरच आहे. फरक आहे तो रुंदीत. आपल्या गल्ल्यांत लोकांनी रातोरात बनवलेला गतिरोधक एक-दीड फूट रुंद आणि वीतभर उंच असतो. बुटक्या गाडीचे पोट त्यावर बसते. म्हणून असे चालक गाडी तिरकी घालून एकेक चाक चढवताना दिसतात, मागे रिक्षावाले ओरडत असतात. काही महागड्या गाड्यांत बटण दाबले की पुढचे नाक वर उचलले जाते. पोर्शे ९११ मध्ये ही सोय जादा पैसे भरून मिळते, आणि नाक उचलते सुमारे चार सेंटीमीटर. वीतभर उंचवट्यापुढे चार सेंटीमीटर.

दुसरा शत्रू खड्डा. इथे थोडे गणित करू, मुलांनाही आवडेल. टायरवर २४५/३५ असे आकडे असतात. पहिला आकडा म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. २४५ चे ३५ टक्के म्हणजे सुमारे ८६ मिलिमीटर. आपल्या साध्या गाडीचा टायर १८५/६५, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर. अरुंद टायर असूनही रबराची भिंत जवळपास दीडपट उंच. खड्ड्याचा दणका हे रबर खाते. बुटक्या टायरमध्ये रबर कमी, त्यामुळे दणका थेट चाकाला बसतो, टायरला फुगवटा येतो, कधी चाकच वाकते.

तिसरा शत्रू पावसाळा. बुटक्या गाडीच्या इंजिनात हवा घेणारी तोंडेही खालीच असतात. साचलेले पाणी आत ओढले गेले तर इंजिन एका क्षणात निकामी होते, आणि साध्या विम्यात हे नुकसान सहसा धरले जात नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. ही गोष्ट तर साध्या गाडीच्या मालकांनीही आपली पॉलिसी काढून आजच पाहावी.

आपल्याकडेही परवडणारी दोन आसनी गाडी बनवण्याचा प्रयत्न झाला होता. १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'सॅन स्टॉर्म' नावाची, फायबरग्लासच्या शरीराची आणि रेनोच्या छोट्या इंजिनाची उघडी गाडी गोव्यात बनत असे. दिसायला देखणी, पण फार थोड्या विकल्या गेल्या. आपले कुटुंब दोघांचे नसते, हेही त्याचे एक कारण असावे. आपल्याकडे गाडी घेतली की पहिला प्रश्न 'कितीची' हा असतो, आणि दुसरा 'किती जण बसतात' हा.

तिसरे माणूस

भाच्याच्या घरीही तोच प्रश्न आला. आम्ही परतल्यावर काही महिन्यांनी सूनबाईला दिवस गेल्याची बातमी आली. ब्रिटनच्या कायद्यानुसार मूल बारा वर्षांचे किंवा १३५ सेंटीमीटर उंच होईपर्यंत त्याला गाडीत योग्य ती बालआसने लागतात. तान्ह्या बाळाचे आसन मागे तोंड करून बसवतात, आणि पुढच्या सीटवर चालू एअरबॅगसमोर ते बसवणे बेकायदा आहे, कारण एअरबॅग उघडली तर तिचा धक्का थेट आसनाच्या पाठीला, बाळाच्या डोक्याजवळ बसतो. भाच्याच्या गाडीत ती एअरबॅग बंद करण्याची सोय नव्हती. असती तरी हिशेब साधा होता: सीट दोन, माणसे तीन.

त्याच सुमारास एमओटीत दोन्ही बाजूंच्या पट्ट्या गंजल्याचे निघाले. आता दोन मार्ग होते. तशीच भंगारात द्यायची, किंवा कापून नवा पत्रा जोडून घ्यायचा. त्याने फोनवर मला विचारले, "खाला, विकायचीच आहे तर दुरुस्तीला पैसे का घालू? वरून रंग मारला तरी घेणाऱ्याला कळणार नाही, असे एक जण सांगतो." आपा शेजारीच होती. तिने फोन घेतला आणि एवढेच म्हणाली, "सीटबेल्ट जिथे बांधतात ना, तिथलाच पत्रा तो?" तो "हो" म्हणाला. "मग कुणाचा तरी मुलगाच बसेल ना तिथे?"

त्याने पत्रा जोडून घेतला, छिद्रे साफ केली, सगळ्या पावत्या एका फाईलमध्ये लावल्या. उघड्या गाड्यांना हिवाळ्यात गिऱ्हाईक नसते, मार्च-एप्रिलमध्ये भाव येतो, म्हणून तो वसंतापर्यंत थांबला. एका निवृत्त गृहस्थाने ती घेतली. भाच्याने त्याला आधी छिद्रे दाखवली, मग बॅटरी, आणि शेवटी इंजिन. दुरुस्तीचा खर्च वजा जाता हाती फारसे उरले नाही. जे उरले त्यात थोडी भर घालून पाच दारांची साधी गाडी आली.

नव्या गाडीबद्दल मी विचारले तर म्हणाला, "काही सांगण्यासारखे नाही, खाला. किल्ली फिरवली की चालू होते." क्षणभर थांबून म्हणाला, "पण वळणावर ती मजा नाही." मला त्याचे हे दुसरे वाक्यही खरे वाटले. शौक हा काही गुन्हा नाही. हाताला गाडीचे मन कळते, ही खुशी मी त्याच्या चेहऱ्यावर पाहिली आहे. कुरबुरी होत्या म्हणून ती खोटी ठरत नाही. त्या खुशीची किंमत मात्र फक्त शोरूममध्ये भरायची नसते. ती दर आठवड्याला, वेळेच्या आणि धीराच्या रूपाने द्यावी लागते. आणि कधी कधी ती आपल्याऐवजी घरातले दुसरेच माणूस देत असते, जशी आपा देत होती.

घेण्याआधी विचारायचे प्रश्न

घरातल्या मुलाला अशा गाडीची ओढ असेल तर त्याला नुसते 'नाही' म्हणू नका. त्याच्यासमोर कागद-पेन ठेवा आणि हे प्रश्न लिहायला सांगा. बाईक असो, मोठी एसयूव्ही असो, प्रश्न थोड्याफार फरकाने हेच राहतात.

रात्री ती कुठे उभी राहणार? छप्पर आहे का, वीज पोचते का?

घरापासून मुख्य रस्त्यापर्यंत किती गतिरोधक आहेत? एकदा चालत जाऊन मोजा.

महिन्यातून किती दिवस ती खरोखर निघेल? उरलेल्या दिवसांसाठी दुसरी गाडी आहे का, आणि दोन्हींचा विमा कोण भरणार?

चारही टायर एकदम बदलायला किती खर्च येतो? तो आकडा घेण्याच्या आधी विचारा, नंतर नको.

हिच्यात पाणी कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते? प्रत्येक गाडीची अशी एक दुखरी जागा असते. ती त्याच गाडीच्या जुन्या मालकांना माहीत असते, विकणाऱ्याला नाही.

आणि शेवटचा प्रश्न: घरातले सर्वांत म्हातारे माणूस हिच्यात आपले आपण बसू शकते का, आणि उतरू शकते का? हे कागदावर लिहून कळत नाही. त्यांना एकदा सोबत घेऊन जा, दार उघडा आणि बसवून पाहा.